मॅक्सवेलच्या नावाने शिकवली जाणारी ४ समीकरणं लिहिणारा माणूस १६ व्या वर्षी शाळेतून बाहेर पडला होता

इंजिनिअरिंगच्या किंवा फिजिक्सच्या कुठल्याही पोराला विचारा, मॅक्सवेलची समीकरणं किती? उत्तर येईल ४. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, लॅबच्या भिंतीवर, सगळीकडे तीच ४ समीकरणं छापलेली असतात. मोबाईल, वाय-फाय, रडार, टीव्ही, मायक्रोवेव्ह, सगळ्यांच्या मुळाशी तीच आहेत.

गंमत म्हणजे मॅक्सवेलने ही ४ समीकरणं या रूपात कधी लिहिलीच नव्हती. १८६५ च्या त्याच्या निबंधात २० समीकरणं होती. त्या २० ची ४ केली ती लंडनमधल्या एका गरीब घरातल्या माणसाने. त्याच्याकडे ना डिग्री, ना नोकरी. कानांनी अर्धवट बहिरा, आणि स्वभावाने असा की भल्याभल्यांशी पंगा घेतला.

त्याचं नाव ऑलिव्हर हेव्हिसाइड.

अक्कलहुशारी होती, पैसा नव्हता

हेव्हिसाइडचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅमडेन टाऊन भागातला. वडील लाकडावर कोरीवकाम करून छपाईचे ठसे बनवायचे. चार भावांत हा सगळ्यात धाकटा. लहानपणी त्याला स्कार्लेट फिव्हर झाला. जीव वाचला पण ऐकू कमी येऊ लागलं. गल्लीतल्या पोरांचं बोलणं कळेना, त्यामुळे खेळात कोणी घेईना. एकटं राहायची सवय तिथूनच लागली.

अभ्यासात मात्र गडी पक्का होता. १८६५ मध्ये त्याने दिलेल्या परीक्षेला ५०० हून जास्त मुलं होती, त्यात हा पाचवा आला. पण पुढे शिकवायला घरात पैसे नव्हते. १६ व्या वर्षी शाळा सुटली.

नशिबाने एक नातं कामाला आलं. त्याच्या मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टन. अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये ज्याचा व्हीटस्टन ब्रिज येतो, तोच हा माणूस. इंग्लंडमध्ये तारयंत्र आणणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या फळीतलं. काकांच्या ओळखीने पोरगं तारेच्या धंद्यात शिरलं. १८६८ मध्ये एका डॅनिश तार कंपनीत त्याला ऑपरेटरची नोकरी लागली. आधी डेन्मार्क, मग इंग्लंडच्या उत्तरेकडचं न्यूकॅसल.

त्याच्या आयुष्यातली ही पहिली नोकरी, आणि शेवटचीही.

समुद्राखालच्या तारेचं दुखणं

तो काळ तारेचा होता. १८७० मध्ये मुंबईसुद्धा समुद्राखालच्या केबलने लंडनला जोडली गेली. पण या लांबलचक केबलींचं एक दुखणं होतं. एका टोकाला टिक्‌ केलं की दुसऱ्या टोकाला टिक्‌ येत नसे, सावकाश चढणारी आणि सावकाश उतरणारी लाट येत असे. घाईने दोन खुणा पाठवल्या तर त्या एकमेकींत मिसळून जायच्या.

१८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली केबल पडली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा सुमारे १०० शब्दांचा संदेश पोचायला १६ तासांच्या आसपास वेळ लागला. वेग वाढवायचा म्हणून त्या केबलला जबरदस्त व्होल्टेज दिलं गेलं आणि काही आठवड्यांत केबलच मेली.

हे का होतं, याचा हिशोब विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, आधीच मांडला होता. केबल ही नुसती तार नसते. आत तांबं, मध्ये इन्सुलेशन, बाहेर समुद्राचं पाणी, म्हणजे तो हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच झाला. सिग्नल पुढे जाण्याआधी वाटेतली केबल भरत जातो. टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा तो पसरतो. थॉमसनच्या गणिताने केबलची लांबी दुप्पट केली की उशीर चौपट.

न्यूकॅसलला बसलेल्या हेव्हिसाइडला रोज हे दिसत होतं. इंग्लंड-डेन्मार्क केबलवर एका दिशेने तार जास्त वेगाने जाते आणि उलट दिशेने कमी, हेही त्याच्या नजरेत आलं. इतरांनी खांदे उडवले असते. याने गणित करून कारण शोधलं. दोष समुद्रातल्या केबलचा नव्हता. केबलच्या दोन टोकांना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा आणि उपकरणं सारखी नव्हती, त्यामुळे हा फरक पडत होता.

१८७३ मध्ये व्हीटस्टन ब्रिजवरचा त्याचा निबंध एका नामांकित मासिकात छापून आला. थॉमसन आणि मॅक्सवेल या दोघांनीही त्याची दखल घेतली. तेव्हा लेखकाचं वय होतं २२.

नोकरी सोडली आणि खोलीचं दार लावलं

त्याच वर्षी मॅक्सवेलचा विद्युत आणि चुंबकत्वावरचा दोन खंडांचा ग्रंथ बाहेर पडला. हेव्हिसाइडने तो चाळला आणि त्याला कळलं की यात काहीतरी अफाट आहे. पण समजेना. शाळेतलं बीजगणित आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्या शिदोरीवर तो ग्रंथ कळणं शक्यच नव्हतं.

१८७४ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याने नोकरी सोडली आणि तो आई-वडिलांकडे परत आला. घरच्यांना वाटलं असेल, पोरगं वाया गेलं. हा खोलीत कोंडून घ्यायचा, दिवा आणि पाइपचा धूर, समोर कागद. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं जायचं असं सांगतात. कॅल्क्युलस स्वतः शिकला, मग मॅक्सवेलचा ग्रंथ पानापानाने फोडला. यात काही वर्षं गेली.

१८७९ मध्ये मॅक्सवेल गेला, तोही ४८ व्या वर्षी. त्याचा सिद्धांत तेव्हा अर्धवट अवस्थेत होता. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हे त्याने गणिताने दाखवलं होतं, पण ती लहर कोणी प्रयोगात बनवून दाखवली नव्हती. आणि गणित इतकं गुंतागुंतीचं होतं की ते वापरणारे लोक बोटांवर मोजण्याइतके.

२० ची ४ कशी झाली?

मॅक्सवेलच्या मांडणीत दोन अडचणी होत्या. एक म्हणजे प्रत्येक दिशेचं समीकरण वेगळं. लांबी, रुंदी, उंची अशा तीन दिशा, त्यामुळे एकच गोष्ट तीनदा लिहावी लागायची. दुसरी अडचण म्हणजे पोटेन्शियल नावाच्या राशी. गणिताला त्या सोयीच्या, पण प्रत्यक्षात मोजता येतं ते विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. मुख्य पात्रंच मागे झाकली गेली होती.

हेव्हिसाइडने १८८४-८५ च्या सुमारास दोन्हीवर घाव घातला. दिशा असलेल्या राशी एकाच चिन्हाने लिहायच्या, ही व्हेक्टरची पद्धत त्याने स्वतः घडवली. अमेरिकेत गिब्ज नावाचा शास्त्रज्ञ त्याच वेळी स्वतंत्रपणे तेच करत होता. मग पोटेन्शियल बाजूला सारून त्याने दोन क्षेत्रांना मध्यभागी आणलं. उरलं ते एवढंच:

पहिलं, विद्युतभार असेल तिथून विद्युतक्षेत्र निघतं.

दुसरं, चुंबकाचं एकटं टोक मिळत नाही. चुंबक कितीही तोडा, प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण दोन्ही असणारच.

तिसरं, चुंबकीय क्षेत्र बदललं की भोवती विद्युतक्षेत्र तयार होतं. धरणावरचं जनित्र याच नियमाने चालतं.

चौथं, वीज वाहिली किंवा विद्युतक्षेत्र बदललं की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं.

आता तिसरं आणि चौथं शेजारी ठेवा. एक बदललं की दुसरं जन्मतं, दुसरं बदललं की पहिलं जन्मतं. एकमेकांना ढकलत दोघं पुढे निघतात, तीच विद्युतचुंबकीय लहर. तिचा वेग काढला की येतो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग. २० समीकरणांच्या गर्दीत हे नातं दिसत नव्हतं, चारांत ते डोळ्यांसमोर उभं राहिलं.

१८८८ मध्ये जर्मनीत हाइनरिक हर्ट्‌झने या लहरी प्रयोगशाळेत बनवून दाखवल्या. हर्ट्‌झनेही समीकरणं स्वतंत्रपणे सोपी केली होती, पण हे काम हेव्हिसाइडने आधी केलं, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं. काही काळ ही समीकरणं हर्ट्‌झ आणि हेव्हिसाइडच्या नावाने ओळखली जायची. पुढे नाव मॅक्सवेलचंच राहिलं. सिद्धांत मॅक्सवेलचाच असल्यामुळे खुद्द हेव्हिसाइडलाही तेच योग्य वाटत होतं.

सरकारी साहेबाशी पंगा

हे सगळं तो लिहीत होता इलेक्ट्रिशियन नावाच्या एका धंदेवाईक साप्ताहिकात. मानधन वर्षाला ४० पौंडांच्या आसपास. वाचणारे फार कमी, समजणारे त्याहून कमी. पण एका लेखाने थेट ब्रिटिश पोस्ट खात्याशी गाठ घातली.

टेलिफोन नुकताच आला होता. जवळच्या जवळ बोलणं ठीक व्हायचं, पण तार लांबली की आवाज घोगरा व्हायचा. माणसाच्या आवाजात जाड सूर असतात तसे बारीकही असतात. लांब तारेत बारीक सूर आधी मरतात, जाड उरतात. त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण कळत नाही.

पोस्ट खात्याचा मोठा वीजतज्ज्ञ होता विल्यम प्रीस. त्याचं ठाम मत असं की इंडक्टन्स हा तारेचा शत्रू आहे, तो कमी करायला हवा. वरवर पटणारी गोष्ट होती, कारण इंडक्टन्स विजेच्या बदलाला विरोध करतो.

हेव्हिसाइडचं गणित बरोबर उलटं सांगत होतं. हलका दोरा पाण्यात धरून हलवला तर लाट दोन हातांवर मरते. तोच जाड, वजनदार दोर असेल तर लाट लांब जाते, कारण त्याला वजनाचा नेट असतो. तारेतला इंडक्टन्स म्हणजे हे वजन. तो वाढवला तर लहर लहरीसारखी पुढे जाते, शाईसारखी पसरत नाही.

त्याने नेमकी अट काढली. तारेच्या रोधाचं इंडक्टन्सशी जे प्रमाण, तेच प्रमाण गळतीचं कपॅसिटन्सशी जुळलं, तर सगळे सूर सारख्याच मापाने कमी होतात आणि सारख्याच वेगाने जातात. आवाज बारीक होईल, पण फाटणार नाही. विकृती शून्य.

हे वर्ष होतं १८८७. ऑलिव्हरचा भाऊ आर्थर पोस्ट खात्यातच इंजिनिअर होता. दोघा भावांनी मिळून टेलिफोनवर निबंध लिहिला. आर्थरला तो छापायला खात्याची परवानगी हवी होती आणि परवानगी प्रीसच्या हातात. निबंध अडला. त्याच वर्षी इलेक्ट्रिशियनचा संपादक बदलला आणि लेखमालाही बंद पडली. इतर मासिकांनीही दारं लावली.

भाऊ नोकरीत असल्याने त्याला गप्प बसावं लागलं. ऑलिव्हरला कोणाची नोकरी नव्हती. त्याने जिथे जागा मिळेल तिथे प्रीसवर असे तिखट फटकारे ओढले की आज वाचणाऱ्यालाही हसू येतं. पण खात्याने काही ऐकलं नाही.

बाजू फिरली ती दुसरीकडून. हर्ट्‌झचे प्रयोग गाजले आणि ऑलिव्हर लॉज आणि फिट्झजेराल्ड हे प्राध्यापक हेव्हिसाइडच्या मागे उभे राहिले. १८८९ मध्ये थॉमसनने विद्युत अभियंत्यांच्या संस्थेतल्या अध्यक्षीय भाषणात त्याच्या कामाचं जाहीर कौतुक केलं. १८९१ मध्ये शाळा सोडलेला हा माणूस रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

शोध याचा, पैसा दुसऱ्याचा

तारेवर ठराविक अंतराने कॉइल बसवून इंडक्टन्स वाढवता येईल, हे हेव्हिसाइडने १८९३ मध्ये लिहूनही ठेवलं. पेटंट मात्र घेतलं नाही. ब्रिटिश पोस्ट खात्याने ते करून पाहिलं नाही.

अमेरिकेत मात्र एटी अँड टी कंपनीचा जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठाचा मायकेल प्युपिन यांनी यावर काम केलं. १९०० मध्ये पेटंट प्युपिनला मिळालं आणि कंपनीने त्याच्याकडून ते लाखो डॉलर मोजून घेतलं. त्या कॉइलच्या जोरावर टेलिफोनच्या तारा दूर दूर गेल्या. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणं सुरू झालं, त्या लाइनवरही अशा कॉइल होत्या.

कंपनीने हेव्हिसाइडलाही पैसे देऊ केले होते. त्याची अट एकच होती, शोधाचं पूर्ण श्रेय आपल्याला जाहीरपणे द्या. ते होईना, म्हणून त्याने पैसेही नाकारले. तेव्हा त्याची परिस्थिती अशी होती की बिलं भरायचे वांधे.

एम-थ्रीला लाप्लास करणाऱ्यांनो, हा माणूस तुमचाही आहे

तारेत वीज सोडली की क्षणोक्षणी काय होतं, याची गणितं डिफरन्शियल समीकरणांची. ती सोडवताना जीव जातो. हेव्हिसाइडने एक युक्ती काढली. कालानुसार होणारा बदल दाखवणाऱ्या क्रियेलाच एक अक्षर द्यायचं आणि त्या अक्षराशी साध्या बीजगणितासारखं वागायचं. लॉगच्या तक्त्याने गुणाकाराची बेरीज होते, तसं इथे कॅल्क्युलसचं बीजगणित होतं. उत्तर आलं की परत मूळ भाषेत न्यायचं.

बटण दाबलं आणि शून्यावरून एकदम एक झालं, हे दाखवणारं स्टेप फंक्शन आजही हेव्हिसाइडच्याच नावाने ओळखलं जातं.

अडचण एवढीच होती की उत्तरं बरोबर येत असली तरी ती का येतात, याची काटेकोर सिद्धता त्याने दिली नव्हती. केंब्रिजच्या गणितज्ञांना हे खपणारं नव्हतं. रॉयल सोसायटीने त्याच्या निबंधाचे पहिले दोन भाग छापले आणि १८९४ मध्ये तिसरा परत पाठवला. फेलोचा निबंध असा परत येणं ही साधी गोष्ट नव्हती. हेव्हिसाइडचं म्हणणं होतं की हत्यार आधी वापरून पाहावं, त्याचं शास्त्र नंतर लिहिता येतं.

इथे केंब्रिजवाल्यांचंही पूर्ण चुकलं नव्हतं, कारण सिद्धतेशिवायची युक्ती कुठे फसेल ते सांगता येत नाही. नंतरच्या गणितज्ञांनी ती सिद्धता लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या आधारे उभी केली. आज एम-थ्रीच्या पेपरात लाप्लास येतो तो या वाटेने.

आकाशातला आरसा

१२ डिसेंबर १९०१. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून सोडलेला रेडिओ सिग्नल अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये आपण पकडला, असं मार्कोनीने जाहीर केलं. अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. शास्त्रज्ञ चक्रावले. रेडिओलहर सरळ जाते आणि पृथ्वी तर गोल, मग ती वळली कशी?

१९०२ मध्ये हेव्हिसाइडने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी लिहिलेल्या लेखात एक शक्यता मांडली. वातावरणात खूप वर वीज वाहून नेणारा एखादा थर असेल, आणि खाली समुद्र व वर हा थर यांच्यामध्ये लहरी वाट काढत जात असतील. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थर केनेलीने हाच विचार स्वतंत्रपणे मांडला. हा केनेली जन्मला होता आपल्या मुंबईत, कुलाब्याला, १८६१ मध्ये. म्हणून त्या थराला केनेली-हेव्हिसाइड थर असं नाव पडलं. आज आपण या सगळ्या पट्ट्याला आयनोस्फिअर म्हणतो.

आपल्याकडच्या एका पिढीने बिनाका गीतमाला ऐकली ती रेडिओ सिलोनवर. कोलंबोहून शॉर्टवेव्हवर निघालेला आवाज महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचायचा तो आयनोस्फिअरवर आपटून परत खाली येऊनच.

शेवटची वर्षं

१८८९ पासून हेव्हिसाइड इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हनमध्ये राहायला होता. १८९४ मध्ये आई गेली, १८९६ मध्ये वडील. लग्न केलं नाही. मित्रांनी पैशांची सोय करायचा प्रयत्न केला तेव्हा ती भीक वाटून त्याने नकार दिला. शेवटी फिट्झजेराल्ड आणि जॉन पेरी यांनी खटपट करून, हा कामाचा सन्मान आहे असं समजावून, १८९६ मध्ये वर्षाला १२० पौंडांची सरकारी पेन्शन मिळवून दिली.

न्यूटन ॲबट गावात राहताना गावातली पोरं त्याला त्रास द्यायची. १९०८ पासून तो टॉर्कीला भावाच्या मेहुणीच्या घरी राहू लागला. काही वर्षांत तीही कंटाळून निघून गेली आणि त्या घरात हा एकटाच उरला. गॅसच्या बिलांवरून कंपनीशी भांडणं, थंडीने गारठलेलं घर, खोलीत फर्निचरऐवजी ग्रॅनाइटचे दगड. पत्रांवर सही करताना नावापुढे डब्ल्यू, ओ, आर, एम अशी अक्षरं लिहायचा. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो किडा. डोकं मात्र चालू होतं. १९१२ मध्ये विद्युतचुंबकीय सिद्धांतावरच्या त्याच्या ग्रंथाचा तिसरा खंड आला.

१९२२ मध्ये ब्रिटिश विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केलं आणि पहिलंच पदक हेव्हिसाइडला दिलं. ते द्यायला संस्थेच्या अध्यक्षांना टॉर्कीच्या त्या घरी जावं लागलं.

डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटनने बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरी वापरून प्रयोग केला आणि आकाशातला तो थर खरोखर आहे हे दाखवलं. या कामासाठी ॲपलटनला १९४७ चं नोबेल मिळालं.

त्या प्रयोगानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ फेब्रुवारी १९२५ ला, हेव्हिसाइड गेला. शिडीवरून पडल्यानंतर तो सावरलाच नाही. वय ७४. पेंटनच्या दफनभूमीत आई-वडिलांच्या थडग्यातच त्याला पुरलं.

आज चंद्रावर आणि मंगळावर त्याच्या नावाची विवरं आहेत. कॅट्स या गाजलेल्या संगीत नाटकातली मांजर शेवटी हेव्हिसाइड थराकडे, म्हणजे मांजरांच्या स्वर्गाकडे जाते. इंडक्टन्स, इम्पिडन्स, कंडक्टन्स हे शब्दही त्यानेच दिले आहेत. पुस्तकात ते रोज वाचले जातात, फक्त त्यांच्याखाली कुठे त्याचं नाव छापलेलं नसतं.